एचडी सरांचे श्रीमंत शब्द

एचडी सरांच्या क्लासमध्ये ‘हॅपी’ म्हणणाऱ्या मुलाला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे. ‘गुड’, ‘बिग’, ‘सॅड’, ‘नाइस’ म्हणणाऱ्यांनाही तीच शिक्षा होती. सर त्यांना गरीब शब्द म्हणत. भिंतीकडे बघत त्या जागी एखादा श्रीमंत शब्द आठवायचा, तो मोठ्यानं म्हणायचा आणि मगच बाकावर परत यायचं. एखादं पोर भिंतीला नाक लावून, रडकुंडीला येऊन ‘युफोरिक! युफोरिक!’ असं ओरडायचं आणि सर समाधानानं मान डोलावून म्हणायचे, “आता कसं झालं? हॅपी तर कुणी पण असतं. तू युफोरिक हो.”

सरांचं पूर्ण नाव हरिदास धोंडिबा कोळपे. गाव पाचोड, घरची मेंढरं. पण शहरात आल्यावर त्यांनी नावातली दोन आद्याक्षरं तेवढी ठेवली आणि बाकीचं गावाकडे पाठवून दिलं. “एचडी म्हणजे हाय डेफिनिशन, मॅडम,” असं मला पहिल्याच भेटीत म्हणाले आणि स्वतःच हसले. डेफिनिशन म्हणजे व्याख्याही होते, हे त्यांना ठाऊक असावं. पण शब्दाची व्याख्या मुलांना सांगण्याचा मोह त्यांना मी तिथं असेपर्यंत कधी झाला नाही. एप्रिल-मे महिन्यात, गारखेड्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, हा माणूस कोट घालून वर्गात उभा असे. घाम पुसायला खिशात नॅपकिन असे आणि ‘गरम होतंय का’ असं विचारलं तर ‘इट इज स्वेल्टरिंग’ असं उत्तर मिळे.

मी त्यांच्याकडे लागले तेव्हा माझी आधीच्या शाळेतली नोकरी नुकतीच सुटली होती. क्लास एका टायरच्या दुकानाच्या वर होता. जिन्यातून वर येईपर्यंत रबराचा वास डोक्यात बसायचा. मुलाखतीत सरांनी मला ‘बिग’साठी किती शब्द येतात ते विचारलं. मी ‘लार्ज’, ‘ह्यूज’, ‘एनॉर्मस’ म्हणाले आणि थांबले, कारण एवढे शब्द मला आयुष्यभर पुरले होते. सरांचा चेहरा पडला. तरी त्यांनी मला घेतलं. “ग्रामर तुम्ही बघा. ग्रामर म्हंजे हाडं. त्याच्यावर मांस मी चढवतो,” ते म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून, जणू काही गुपित सांगावं तसं म्हणाले, “शब्द म्हंजे गोळी असती, मॅडम. झाडायची. कुठं लागली ते बघत बसायचं नाय.”

गोळ्या कुठं लागत ते मला लवकरच कळलं. पाचवीतल्या एका मुलानं शाळेच्या निबंधात आपले आजोबा मागच्या वर्षी ‘टर्मिनेट’ झाले असं लिहिलं. सरांनी तो निबंध क्लासच्या फळ्याशेजारी चिकटवला. दुसऱ्या एका मुलीनं रजेच्या अर्जात पोट दुखतंय असं न लिहिता पोटात ‘कॅटॅस्ट्रॉफी’ झाली असं लिहिलं. शाळेच्या बाईंनी घाबरून तिच्या आईला फोन केला आणि आई हातातलं काम टाकून रिक्षानं धावत आली. मी हे सरांना सांगितलं, तर त्यांना आनंदच झाला. “बघा! घाबरली का नाय बाई? शब्दात दम पाहिजे.”

मुलांसमोर ते इंग्रजी बोलत, पालकांसमोर इंग्रजीच्या फोडणीचं मराठी बोलत आणि माझ्याशी, दार लावलेलं असलं की, थेट पाचोडचं. मला त्यांची ही तिसरी भाषा ऐकायला आवडायची. मेंढरांविषयी बोलत तेव्हा एकही शब्द वायफळ नसे. आजारी मेंढी कळपाच्या मागं कशी राहते, पाऊस लांबला की कुत्री कशी बेचैन होतात, हे ते असं सांगत की ती मेंढी समोर दिसावी. मग दार उघडे, एखादे पालक आत येत आणि सर क्षणात ‘व्होकॅब्युलरी इज द बॅकबोन ऑफ पर्सनॅलिटी’ सुरू करत. सांगता येणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःचं तोंड शिवून घ्यावं, तसं काहीसं वाटे. त्यासाठी मी त्यांना कधी क्षमा केली नाही.

पालकांना मात्र ते हवेहवेसे होते. बहुतेक वडील वाळूजच्या कंपन्यांत कामाला. पाळी संपवून, डोक्यावर हेल्मेटचा घाम घेऊन जिन्यात उभे राहायचे. आतून पोराच्या तोंडून ‘मॅग्नॅनिमस’ ऐकू आलं की त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडायचा तो एचडी सरांनी बरोबर हेरला होता. प्रत्येक नव्या तुकडीला ते आपली एक गोष्ट सांगत: पाचोडहून शहरातल्या शाळेत आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या इंग्रजीला वर्ग कसा हसला, आणि त्याच रात्री डिक्शनरी उशाला घेऊन त्यांनी कशी शपथ घेतली. सांगताना त्यांचा आवाज भरून येई. मात्र तुकडीगणिक शाळा बदलायची आणि हसणारेही. एकदा हसणारा वर्ग असायचा, एकदा हसणारे मास्तर, एकदा तर खुद्द मुख्याध्यापक. वाळूजहून थकून आलेल्या माणसांना हे पडताळून बघायला वेळ नव्हता. ते डोळे पुसून प्रवेश घेत.

प्रज्ञा साळवे त्यातल्याच एका घरची. तिचे वडील वाळूजला एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. मूळचे देवगाव रंगारीचे, राहायला मुकुंदवाडीत. आई घरी शिवणकाम करायची. मुलगी सातवीत होती आणि तिची स्मरणशक्ती अशी की सरांनी सकाळी फळ्यावर लिहिलेलं ती संध्याकाळी उलट्या क्रमानं म्हणून दाखवायची. कुणी पाहुणे आले की सर तिला पुढे उभं करत आणि बोट दाखवून ‘सॅड?’ विचारत. प्रज्ञा ‘मेलँकली, डेस्पॉन्डंट, लुगुब्रियस’ असं सुरू करे, ती थेट सरांनी हात वर करेपर्यंत. लुगुब्रियस म्हणजे नेमकं कसं गं, असं मी तिला एकदा विचारलं. ती गोंधळली. “सॅडच, मॅडम. पण भारी सॅड.”

त्या वर्षी तिनं एका मोठ्या निवासी शाळेची लेखी परीक्षा दिली आणि ती पास झाली. त्या शाळेत राहण्या-खाण्यासकट बारावीपर्यंतचं शिक्षण फुकट होतं. आता फक्त तोंडी मुलाखत राहिली होती. साळवेभाऊ क्लासवर आले, सरांच्या पाया पडले आणि मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही येता का संगं? मला तिथलं बोललेलं काय कळायचं नाय. पोरीला कुणीतरी आपलं पाहिजे.” मी गेले. सर आले नाहीत, त्यांनी निघताना प्रज्ञाच्या पाठीवर थाप मारली आणि बजावलं, “एक पण गरीब शब्द तोंडातून गेला नाय पाहिजे. तिथं मोठी माणसं असत्यात.”

मुलाखत फार लवकर संपली. प्रज्ञा बाहेर आली ती सरळ चालत फाटकापर्यंत गेली आणि तिथल्या कट्ट्यावर बसली. वडिलांनी पाण्याची बाटली पुढे केली, तिनं घेतली नाही. बस अर्ध्या वाटेवर आली तेव्हा ती माझ्या कानाशी बोलू लागली. आत तिघेजण होते. मधल्या बाई हसऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, तुझ्या आईविषयी सांग. प्रज्ञानं पाठ केलेलं वाक्य टाकलं: माय मदर इज अ बेनेव्होलंट अँड मॅग्नॅनिमस पर्सनॅलिटी. बाई म्हणाल्या, अरे वा, आणि ती तुझ्यासाठी काय करते? तू रुसलीस की काय करते? तुला कशानं हसू येतं?

“मग?” मी विचारलं.

“मला येत होतं, मॅडम. आई मशीनवर गाणं म्हणती, मी रुसले का चिंधीची बाहुली करून माझ्या वहीवर ठेवती. सगळं येत होतं. पण सगळे शब्द गरीबच आठवत होते.” ती खिडकीकडे वळली. “मी गप बसले. त्या बाईंनी लई वेळ वाट बघितली.”

पुढच्या सीटवर साळवेभाऊ बसले होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, पण त्यांची मान ताठ झालेली मला दिसली.

निकाल यायचा तसाच आला. मी तो सरांना सांगितला आणि मुलाखतीत काय झालं तेही. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस एक क्षण गप्प बसेल. सरांनी नॅपकिननं कपाळ पुसलं आणि म्हणाले, “पॅनेलची लेव्हल नव्हती, मॅडम. मॅग्नॅनिमस ऐकल्यावर आई सैपाक काय करती विचारायचं असतं व्हय?”

आठवडाभरानं चौकात फ्लेक्स लागला. मधे कोटातले सर, त्यांच्याशेजारी प्रज्ञाचा हसरा फोटो आणि खाली भल्यामोठ्या अक्षरांत ‘सिलेक्टेड!’. जवळ जाऊन, मान वाकडी करून वाचलं तर त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘फॉर इंटरव्ह्यू’. मी जाब विचारला तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “मुलाखतीला सिलेक्ट झाली व्हती का नाय? मग खोटं काय हाय त्याच्यात?”

साळवेभाऊंची कंपनीत पंचाईत झाली. पाळीवरचे लोक त्यांचं अभिनंदन करू लागले. ते नाही नाही म्हणत, तर लोकांना तो विनय वाटे. प्रज्ञाला शाळेत मैत्रिणी विचारत, तू अजून इथंच कशी? क्लासला येताना ती चौक टाळून मागच्या गल्लीनं येऊ लागली. फ्लेक्स काढा म्हणून साळवेभाऊ दोनदा सरांना सांगून गेले. दोन्ही वेळा सरांनी त्यांना चहा पाजला आणि वार्षिक कार्यक्रमात पोरीचा सत्कार ठेवल्याचं सांगितलं.

त्या दिवसांत क्लास सुटल्यावर प्रज्ञा माझ्याजवळ थांबायची. मी तिला काही शिकवत नसे. आम्ही जिन्याच्या पायरीवर बसून इंग्रजीत गप्पा मारायचो: खालच्या दुकानातला माणूस टायर कसा फिरवतो, आज नळाला पाणी येणार का, आई आज कुणाचं ब्लाउज शिवतेय. पहिले काही दिवस तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. प्रत्येक साध्या शब्दाआधी ती मागं वळून दाराकडे बघायची. मग एकदा टायर घरंगळत रस्त्यावर गेला, दुकानदार त्याच्यामागं धावला आणि तिच्या तोंडून आपोआप निघून गेलं, “लुक, ही इज रनिंग!” आम्ही दोघी हसलो. त्यानंतर ती बोलू लागली.

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. खुर्च्या भरलेल्या, मागं आया उभ्या. लहान मुलांनी रांगेत उभं राहून श्रीमंत शब्दांचा पाऊस पाडला. मग सरांनी प्रज्ञाला बोलावलं, खांद्यावर शाल टाकली आणि माइक तिच्या हातात दिला. “नाउ अवर सिलेक्टेड स्टुडंट विल एन्लायटन अस,” असं म्हणून ते बाजूला झाले.

प्रज्ञानं आधी शाल काढून घडी घातली आणि टेबलावर ठेवली. “आय वॉज नॉट सिलेक्टेड,” ती म्हणाली. “दे आस्क्ड मी अबाउट माय मदर. आय लव्ह माय मदर. बट आय कुड नॉट टेल देम. सर, प्लीज टेक डाउन माय फोटो.” बस्स. एवढंच बोलली आणि माइक टेबलावर ठेवला.

सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. मुलीनं न अडखळता इंग्रजी बोलून दाखवलं होतं. लोकांना आणखी काय हवं? पुढच्या रांगेतले एक गृहस्थ तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारी कंपनीच्या गणवेशात बसलेले साळवेभाऊ एकटेच टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्याकडे वळले. “काय म्हणली, मॅडम?”

मी त्यांना मराठीत सांगितलं. ते उठले, खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजवर गेले आणि माइक न घेताच म्हणाले, “पोरीचं सिलेक्शन झालेलं नाय. ती तेच सांगायली. तिचा चौकातला फोटो उतरवा म्हणती. मी पण तेच म्हणतो.” आता टाळ्या थांबल्या. लोक एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, संपला हा खेळ.

पण मी एचडी सरांना ओळखलं नव्हतं. त्यांनी माइक उचलला, डोळे मिटले आणि भरल्या आवाजात म्हणाले, “पालकहो, ऐकलंत? अपयश आलं तरी ही मुलगी एवढ्या लोकांसमोर इंग्रजीत बोलली. घाबरली नाही. हा कॉन्फिडन्स कुणी दिला?” टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. साळवेभाऊंनी पोरीचा हात धरला आणि ते मागच्या दारानं निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाळीवरच्या दोन मित्रांना घेऊन चौकात गेले, शिडी लावली आणि फ्लेक्स उतरवला. त्या जागी लगेच दुसऱ्या एका मुलाचा फोटो लागला. त्या जूनमध्ये सरांकडे इतके प्रवेश झाले की त्यांना टायरच्या दुकानामागची खोलीही घ्यावी लागली.

मी नोकरी सोडली. सरांना राग आला नाही. त्यांना माझी कीव आली. “तुम्ही बोर्ड काय लावणार, मॅडम? इथं साधं बोलायला शिकवतात?” ते म्हणाले. “कोण येईल तुमच्याकडं?” हा माणूस बरोबर बोलत होता, हे मला सगळ्यात जास्त लागलं. पुंडलिकनगरला घराच्या पुढच्या खोलीत मी मुलं बसवू लागले, तर पहिले कितीतरी महिने प्रज्ञा आणि शेजारची दोन भावंडं यांच्यापलीकडे कुणी आलं नाही. जे पालक चौकशीला येत ते विचारत, रोज किती नवे शब्द देता? मी म्हणे, जुनेच वापरायला शिकवते. ते नम्रपणे चप्पल घालत. आज थोडी मुलं आहेत. प्रज्ञा अकरावीला सायन्सला आहे आणि इंग्रजीत वडिलांची नक्कल करून आम्हाला हसवते. त्या निवासी शाळेतल्या फुकट शिक्षणाची संधी तिच्या आयुष्यातून कायमची गेली, हे मात्र मी विसरलेले नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी दार वाजलं. बाहेर एचडी सर उभे होते, कोटाशिवाय. त्यांच्या बोटाला सात-आठ वर्षांची मुलगी होती. “ही ओवी. माझी,” ते म्हणाले. “तुमच्याकडं बसू द्या हिला.”

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. “तुमच्या क्लासला का नाही?”

त्यांनी ओवीला अंगणात मांजर बघायला पाठवलं. मग खाली मान घालून, त्या तिसऱ्या भाषेत बोलू लागले. “घरी ती लई बोलती, मॅडम. आईसंगं भांडती. पाचोडला आजीला फोनवर दिवसभराचं सांगती. म्हून मी तिला एक पण शब्द शिकवला नाय. ते बोलणं बंद पडलं तर?” अंगणाकडे बघत म्हणाले, “त्या साळवेच्या पोरीसारखं नको व्हायला.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हे सगळं माहीत होतं. पॅनेलची लेव्हल, गोळी, मांस, सगळं बोलताना आत कुठंतरी माहीत होतं. “आणि बाकीच्यांच्या मुलांचं काय, सर? ती बोलायची बंद पडली तर चालतं?”

“त्यांना तेच पाहिजे असतंय, मॅडम. मी काय घरी जाऊन बोलवून आणत नाय कुणाला.” हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. “फक्त कुणाला सांगू नका. धंद्याचा प्रश्न हाय.”

दार लोटून द्यावं असं फार वाटलं. पण अंगणात ती मुलगी मांजराशी गंभीरपणे काहीतरी बोलत होती आणि तिचं काही चुकलं नव्हतं. मी तिला घेतलं. सरांच्या गाडीवर दोन्ही बाजूंनी क्लासचं नाव आणि त्यांचा फोटो आहे. म्हणून त्यांनी ओवीला सोडायला एक साधी स्कूटी घेतली. ती ते गल्लीच्या तोंडाशीच थांबवतात. हेल्मेटची काच खाली. मुलगी शेवटचा तुकडा एकटी चालत येते आणि ती आत शिरेपर्यंत ते तिथून हलत नाहीत.

परवा मी मुलांना विचारत होते, तुम्हाला इथं कोण घेऊन येतं? एकेकानं आपलं वाक्य सांगितलं: आजी, दादा, शेजारचे काका. ओवीची पाळी आली. तिनं खिडकीतून गल्लीच्या टोकाकडे बघितलं आणि म्हणाली, “माय फादर ब्रिंग्ज मी. बट ही डज नॉट कम इन. ही स्टँड्स फार अवे.”

वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. मी पुढच्या मुलाला विचारलं.